परत द्यायचं राहिलेलं ताट

प्रिय एलिना,

हे पत्र तू सलग वाचणार नाहीस, ठाऊक आहे मला. जोडाक्षर आलं की तुझा हात फोनकडे जातो. तरी मराठीतच लिहितेय, कारण परवा गाडीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर इंग्रजीत द्यायला गेले आणि माझं मलाच ते पटेना. अडलं तर विचार. मी स्वयंपाकघरातच आहे.

तू म्हणालीस, "आई, अन्वी म्हणते करंजी दिवाळीची असते. मग आपण ती ख्रिसमसला का करतो? आपण कॉपी केली का?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं आलंच, "म्हणजे आपण अर्धे मराठी का?"

मी म्हटलं, "नीट बस, पट्टा लाव." पट्टा तू लावलेलाच होतास.

अन्वीवर माझा राग नाही. तेरा वर्षांची पोर, घरी जे बघते ते बोलते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका बाईंनी मलाही कौतुकानं म्हटलंच होतं, "अय्या, लोपीस ना तुम्ही? मराठी किती छान बोलता!" मी 'थँक यू' म्हटलं. काय म्हणणार? मला ठेच लागली तरी 'आई गं'च निघतं, हे त्यांना कुठे सांगत बसू? पण 'कॉपी' हा शब्द मात्र लागला. ते का, ते सांगायचं तर तुला वसई-विरारकडच्या आगाशीच्या वाडीत न्यावं लागेल, आणि तू पाहिलीस ती वाडी नव्हे. तू गेलीस तेव्हा निम्मी विकून झाली होती.

माझ्या लहानपणी ती दीड एकर होती. केळी, एका बाजूला पानवेल, कडेनं नारळ, मध्ये बावखल. पावसाचं पाणी त्या तळ्यात साठायचं आणि पुढे वाडीला पुरवून पुरवून वापरायचं. आजोबा (तुझे, म्हणजे माझे बाबा) पहाटे विरारहून लोकल पकडून दादरला फुलं आणि पानं न्यायचे. नाताळ जवळ आला की त्यांच्या परतीच्या टोपलीत बेदाणे असायचे, रवा, साखर, आणि एक नवा कंगवा. कंगवा कुलकुलांसाठी. पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबून गुंडाळायची, मग त्या रेघा उमटतात. तू काट्याच्या पाठीवर करतेस ते ठीक आहे, पण कंगव्याची रेघ बारीक येते. आणि नाताळ संपल्यावर तो कंगवा कुणी घ्यायचा यावरून माझं आणि रेमूमामाचं भांडण ठरलेलं. तेलकट असायचा तो जानेवारीभर.

तयारीची सुरुवात मात्र त्याही आधी, सुकेळ्यांनी. तू ज्यांना 'बनाना जर्की' म्हणतेस ती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची. आठ-एक दिवस रोज संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. कावळे राखायचं काम मुलांचं. राखता राखता आम्ही किती खायचो हे आजीला बरोबर कळायचं, कारण ती मोजून घालायची आणि काही बोलायची नाही, फक्त रात्री आमच्या ताटात भात कमी वाढायची. (आजी म्हणजे माझी आजी, तुझी पणजी. भिंतीवरच्या फोटोत लाल लुगड्यात आहे ती. फोटोत रागावलेली दिसते, तशी नव्हती. फोटोग्राफरनं हलू नका सांगितलं होतं.)

आता केक. अन्वीला सांग, केक कॉपी आहे. तो नक्की बाहेरून आला. पण आमच्या वाडीत येईपर्यंत तोही पार बदलून गेला होता. ओव्हन नव्हता. मोठ्या टोपात अर्नाळ्याची धुतलेली रेती, तिच्यावर रवा, अंडी आणि नारळाच्या मिश्रणाचं पातेलं, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. अंडी आजी पंधरा दिवस आधीपासून कोंड्यात पुरून साठवायची. मिश्रण एकाच दिशेनं घोटायचं, मध्ये दिशा बदलली तर केक बसतो म्हणे. मी मुद्दाम बदलून पाहिली होती, काही बसला नाही. केक झाला का ते बघायला खराट्याची काडी खुपसायची. नव्या खराट्याची, तोंड वाकडं करू नकोस.

१९८६ च्या नाताळात मी आठ वर्षांची होते. आजी गुरांना पाणी दाखवायला गेली आणि मला बजावून गेली, झाकणाला हात लावायचा नाही. लावला. चिमट्यानं झाकण उचललं, ते तिरकं झालं, आणि दोन निखारे राखेसकट केकवर. चर्र आवाज आला. तो आवाज मला अजून येतो, तुझ्या टोस्टरमध्ये चीज पडतं तेव्हा. मी निखारे काढले, झाकण परत ठेवलं आणि विहिरीमागे जाऊन बसले. आजीनं संध्याकाळी केक काढला, बघितला, सुरीनं वरचा थर खरवडला आणि म्हणाली, "यंदा पाद्रीबाबांना नानखटाई देऊ." एवढंच. केक आम्ही खाल्ला. धुराची चव होती. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली.

करंज्यांचं काम मात्र आजी कुणावर सोडायची नाही. सारण घरच्या नारळाचं, रव्यात परतून कोरडं केलेलं, म्हणजे टिकतं. कातणं घरात होतं, पण ते लहान मुलांना आणि शेजारच्या सुनांना. आजी हातानं मुरड घालायची. डाव्या तळहातावर करंजी, उजव्या अंगठ्यानं कड दाबायची, किंचित ओढायची, दुमडायची, पुढे सरकायची. अंगठ्याचं नख मध्ये चिरलेलं होतं, कोयत्यानं कधीतरी, त्यामुळे तिच्या प्रत्येक मुरडीवर एक बारीक रेघ यायची. ताटात शंभर करंज्या असल्या तरी आजीच्या कुठल्या हे आंधळाही सांगेल.

आणि आता ते ताट. दिवाळीत कुसुमकाकूंकडून फराळ यायचा. त्या हिंदू, वाडवळ समाजाच्या, आमच्या बांधाला बांध. स्टीलचं मोठं ताट, वर विणलेला रुमाल, आत चकल्या, अनारसे आणि करंज्या. ताटाच्या मागे त्यांच्या सासऱ्यांचं नाव आणि १९७४ असं कोरलेलं. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुला माहीत आहे. पण आमची आजी त्यात लिंबू किंवा साखर घालून लगेच परत करायची नाही. ती ते नाताळपर्यंत ठेवून घ्यायची. मग त्याच ताटातून, तोच रुमाल धुऊन इस्त्री करून, आमच्या करंज्या, कुलकुलं आणि केक त्यांच्याकडे जायचा. केक वेगळ्या वाटीत, कारण त्यात अंडं. मार्गशीर्षातला गुरुवार असला तर वाटी शुक्रवारी जायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कुसुमकाकू म्हणायच्या, "तुमच्या करंजीला गोड जरा कमी." आजी म्हणायची, त्यांच्यासमोर नाही, घरी येऊन, "तिची मुरड सैल." तीस वर्षं हे चाललं.

तर सांग, या दोघींतली कॉपी कुणी केली? तू म्हणशील, टाळतेयस. टाळत नाहीये. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत कधीतरी आपल्या घरात क्रूस आला. नारळ आणि तांदूळ त्याच्या आधीपासून होते, तळणाऱ्या बायकाही त्याच होत्या. त्यांनी कढई टाकून दिली नाही, इतकंच. शाळेत आम्हाला वसईची मोहीम शिकवली तेव्हा किल्ला पडल्यावर सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग एकदम गप्प झाले. घरी येऊन आजोबांना विचारलं, "बाबा, आपण कुणाच्या बाजूनं होतो?" ते केळीचं पान कापत होते. म्हणाले, "आपण वाडीत होतो."

तुझा प्रश्न म्हणजे नवा नाही. मोठ्या माणसांनाही पडतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आपल्या शेजारच्या नंदाखालचे. तेव्हाही काही लोकांनी विरोध केला होताच. आजोबांनी त्या दिवशी टीव्हीसमोर बसायला इस्त्रीचा शर्ट घातला. भाषण किती कळलं माहीत नाही, ऐकायला कमी येत होतं. पण शर्ट संध्याकाळपर्यंत काढला नाही.

एवढं सगळं लिहून मी शूर वाटेन तुला. तसं नाही. अकरावीला मुंबईत कॉलेजला गेले, तेव्हा नाताळाच्या सुट्टीनंतर मैत्रिणींनी विचारलं, "तुमच्यात केक असतो ना? आण की." आजीनं डबा भरून दिला होता, मुरडीच्या करंज्यांचा. मला वाटलं, या म्हणतील ही तर दिवाळीचीच. मी स्टेशनजवळच्या बेकरीतून आयसिंगचा प्लम केक घेतला आणि तो दिला, आईनं केला म्हणून. करंज्या लोकलमध्ये एका भाजीवालीला दिल्या. तिनं एक तिथेच खाल्ली आणि म्हणाली, "कुणाच्या हातची गं?" मी उत्तर दिलं नाही. म्हणून गाडीत तू 'कॉपी' म्हणालीस तेव्हा मला अन्वी नाही आठवली, तो डबा आठवला.

आणि अजून एक कबूल करते, म्हणजे तुला वाटायला नको की मी तुला ओढून पाटावर बसवतेय. त्या तयारीत सगळं काही गोड नव्हतं. मुरड घालायला मुली, चांदणी बांधायला मुलगे. रेमूमामा बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद घेऊन गच्चीवर, नंतर मुलांबरोबर गावभर नाताळगीतं म्हणत फिरायचा. मी रात्री अकराला कढईपुढे, डोळ्यांत धूर. मला चांदणी करायची होती. मागितलीही होती एकदा. आई म्हणाली, "आधी हे घाणे संपव." घाणे संपेपर्यंत चांदणी लागलेली असायची. आई स्वतः तरी कुठे हौसेनं करत होती? कंबर धरून उठायची. तिनं केलं कारण आजीनं केलं. मी करते ते कशासाठी, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. बाहेर बर्फ आहे, खिडक्या बंद, तळणाचा वास पाडव्यापर्यंत कोटांना येतो, तुझे बाबा म्हणतात बाजारात मिळतात की. मिळतात. मला कुलकुलं तर फारशी आवडतही नाहीत.

कुसुमकाकूंच्या मुलांनी जमीन विकली ते २००३ साल. त्या दिवाळीचा फराळ आला होता, ताट आमच्याकडे होतं. नाताळापर्यंत त्या बोरिवलीला मुलाकडे गेल्या, आणि पुढच्या वर्षी गेल्याच. बांधाच्या पलीकडे सात मजली इमारत उभी राहिली, आमचंही बावखल नंतर बुजलं. ते ताट आईनं माझ्या कॅनडाच्या बॅगेत साड्यांच्या मध्ये घातलं. मी म्हटलं, अगं तिथे ताटं मिळतात. ती म्हणाली, "असू दे, परत द्यायचं राहिलंय."

तू ज्यात पिझ्झा घेऊन सोफ्यावर बसतेस ना, ते हे. उलटं करून बघ.

शनिवारी मी सारण परतणार आहे. साठा लावून ठेवीन. तुला यायचं असेल तर ये, नाहीतर चांदणी कर, कागद आणि काड्या मी आणल्या आहेत, त्या आधी घे हवं तर. मुरड जमली नाही तर कातणं आहे, काट्यानं दाबलीस तरी चालेल, फुटली तर तेल उडेल तेवढं सांभाळ. अन्वीला द्यायच्या की नाही ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही. द्यायच्या झाल्या तर प्लास्टिकच्या डब्यात ने. ताट नेऊ नकोस. ते कुसुमकाकूंचं आहे.

तुझी,
आई