बोट चालवता येते, मग कागद कशाला?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

मित्रांच्या बोटीवर दोन मोसम काढलेस, शिडं चढवता-उतरवता येतात, टॅक घेता येतो, म्हणजे वाऱ्यातून बोट वळवून शीड दुसऱ्या बाजूला घेता येतं, रात्रपाळीचा पहाराही केलास. मग पदरचे पैसे आणि हक्काची सुट्टी घालून सेलिंगचं प्रमाणपत्र कशाला घ्यायचं, असं विचारतेस. प्रश्न रास्त आहे. कुठल्याही परीक्षेला न बसता समुद्र पालथा घातलेली माणसं मलाही ठाऊक आहेत. ब्रिटनमध्ये तर स्वतःची छोटी बोट हौसेने समुद्रात न्यायला कायद्याने परवाना लागतच नाही. तरी ज्या प्रमाणपत्रांना जगभर मान आहे ती याच देशातल्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची, म्हणजे आरवायएची. कुणी सक्ती केलेली नसताना लोक आपणहून परीक्षेला बसतात, याचा जरा विचार कर.

माझं म्हणणं एवढंच आहे. आजवर तू ज्या बोटीवर होतीस तिथले निर्णय दुसऱ्याचे होते. कधी निघायचं, शीड कधी आखडायचं, आभाळ बघून मागे फिरायचं की नाही, हे कप्तानाने ठरवलं आणि तू ते चोख पार पाडलंस. कप्तान आजारी पडून खाली झोपला आणि वारा वाढायला लागला, तर बाकीचे ज्याच्या तोंडाकडे बघतील तो माणूस तू आहेस का? याचं उत्तर मित्रांच्या बोटीवर सहसा मिळत नाही. मित्र प्रेमापोटी सांभाळून घेतात. परीक्षक सांभाळून घेत नाही, आणि म्हणून त्याचं मत कामाचं.

पायऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळं माहितीपत्रकात असतं. आरवायएकडे कॉम्पिटंट क्रू, मग डे स्किपर, मग कोस्टल स्किपर आणि त्यापुढे यॉटमास्टर अशी चढण आहे. अमेरिकेत १९८३ पासून अमेरिकन सेलिंग असोसिएशन (एएसए) ही संस्था १०१, १०३, १०४ अशा क्रमांकांचे अभ्यासक्रम चालवते. युएस सेलिंग या तिथल्याच दुसऱ्या संस्थेचेही आहेत. नावं वेगळी, गाभा बराचसा सारखा. तुझ्या अनुभवाला पहिली पायरी वगळता येईल, पण डे स्किपर वगळू नकोस. खलाशाचा कप्तान तिथेच होतो.

थिअरीला तू कंटाळणार हे मला आत्ताच दिसतंय. तरी भरती-ओहोटीपाशी थांब. बाराव्या हिश्शाचा नियम तुला तिथे भेटेल. ओहोटीनंतर पाणी सहा तासांत चढतं असं ढोबळमानाने धरलं, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३० सेंटिमीटर वाढतं आणि तिसऱ्या तासात ९०. उतरतानाही हाच हिशेब. म्हणजे ओहोटी लागून दोन तास झाले, अजून बरंच पाणी आहे, असं म्हणत जो उथळ खाडीत रेंगाळतो, त्याच्यासाठी एकूण उताराचा निम्मा भाग पुढच्या दोन तासांत निघून जाणार असतो. जीपीएस तुला तू कुठे आहेस ते सांगेल. तासाभराने तिथे तुझ्या बोटीला तरंगायला पाणी उरेल का, हे तुलाच काढावं लागेल. हा नियमही अंदाजाचाच आहे. काही बंदरांत भरतीचा आलेख इतका वाकडातिकडा असतो की तिथे तो चालत नाही, आणि तो कुठे चालत नाही हे माहीत असणं हाही अभ्यासच.

दुसरी गोष्ट टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांची. १९७२ साली ते ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. पाठ करायला कंटाळवाणे, पण नीट वाचलेस तर कळेल की ते घाबरलेल्या माणसांसाठी लिहिलेत. बारावा नियम बघ. दोन शिडाच्या बोटी समोरासमोर आल्या आणि त्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर डावीकडून वारा घेणारीने वाट सोडायची. दोघींनाही एकाच बाजूने असेल, तर वाऱ्याकडच्या बोटीने सोडायची. त्यापुढचं कलम मला सगळ्यांत शहाणं वाटतं. तुला वारा डावीकडून आहे, वाऱ्याच्या बाजूला दुसरं शीड दिसतंय, पण तिला वारा कुठून लागतोय हे नक्की कळत नाही, तर तूच बाजूला हो. पुरेशी माहिती नसताना काय करायचं हेही नियमात लिहून ठेवलंय. आणि सातव्या नियमातली खूण तर बोटीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला यावी. जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा होकायंत्रावर सारखी तेवढीच राहिली, तर टक्कर होणार असं समजायचं.

बोयांचंही, म्हणजे पाण्यात वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही, लक्षात ठेव. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतेक भागात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंडात, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तोच उजव्या हाताला. एकाच ठिकाणी मुरलेला माणूस सवयीने वळतो आणि परक्या बंदरात वाळूवर चढतो.

आता परीक्षेबद्दल. यॉटमास्टर ऑफशोअरला बसण्याआधी आरवायए ५० दिवस समुद्रावर काढलेले आणि २,५०० सागरी मैल मागते. ६० मैलांहून लांबचे पाच प्रवास हवेत, त्यांतले किमान दोन रात्रभराचे आणि दोन कप्तान म्हणून केलेले. निम्मे मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातले हवेत. शिवाय रेडिओचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. एकटाच उमेदवार असेल तर परीक्षा आठ ते बारा तास चालते, बोटीवरच, रात्रीचा काही भाग धरून.

त्यातला एक प्रकार मला फार आवडतो. धुकं पडलंय असं गृहीत धरायचं. तुला खाली चार्टच्या टेबलाशी बसवतात आणि बाहेर बघायची बंदी. हाताशी नकाशा, घड्याळ, खोली दाखवणारं यंत्र आणि किती अंतर कापलं याचा आकडा. वरच्या लोकांना तू सांगायचं, अमुक अंशांवर चला, खोली पाच मीटर झाली की हाक मारा. कच्चा उमेदवार थेट बोयाच्या दिशेने रेघ ओढतो. तिथे पोचल्यावर बोया दिसला नाही तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे, हेच त्याला कळत नाही. मुरलेला मुद्दाम एका बाजूला चुकवून जातो, पाच मीटरच्या समखोली रेषेला, म्हणजे नकाशावर तेवढ्याच खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला, लागतो आणि मग ती रेषा धरून वळतो, कारण आता वळायचं कुठे ते नक्की असतं. हे वाचून समजतं, पण वरून चार माणसं तुझ्या शब्दावर बोट हाकतायत आणि तुला काहीच दिसत नाही, या अवस्थेत तेच सुचायला सरावच लागतो.

माणूस पाण्यात पडल्याचा सरावही असाच. परीक्षक न सांगता एखादा फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात तो फुगा, पाण्यात फेकतो. पहिली आज्ञा कोणती? एकाने त्याच्याकडे हाताचं बोट दाखवत राहायचं आणि नजर हलवायची नाही, कारण लाटांत माणसाचं डोकं क्षणात हरवतं. मग बोट थांबवणं, वळवणं आणि शिडातला वारा सोडून देता येईल अशा कोनातून हळू जवळ जाणं. फेंडर आकडी लावलेल्या काठीने उचलता येतो. भिजलेल्या कपड्यांतला, थंडीने गारठलेला माणूस वर कसा घेणार, याचं उत्तर तयार ठेव.

निर्णयांची किंमत किती असते ते १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीने दाखवलं. ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला. २४ बोटी त्यांच्या लोकांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या बुडाल्या पाचच. बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. त्या रात्री त्या लोकांवर काय गुदरलं हे किनाऱ्यावर बसून ठरवणारा मी कोण? पण आज सी सर्व्हायव्हलच्या, म्हणजे समुद्रात जीव वाचवण्याच्या, वर्गात हेच शिकवतात, की बोट तरंगते आहे तोवर लाइफराफ्टपेक्षा, म्हणजे फुगवून वापरायच्या जीवरक्षक तराफ्यापेक्षा, बोटच बरी. असं वाक्य घरी ऐकलेलं असलं, तर मध्यरात्री आठवण्याची शक्यता थोडी वाढते.

आता व्यवहार. बोट भाड्याने देणारी कंपनी तुला ओळखत नाही. विमा कंपनीही नाही. परक्या बंदरातला अधिकारी तर नाहीच. तुझे दोन मोसम त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट आहे, कार्ड हा पुरावा. क्रोएशियात बोट भाड्याने घेताना कप्तानाचा परवाना तर लागतोच, वर व्हीएचएफ रेडिओचंही प्रमाणपत्र मागतात. युरोपच्या पाण्यासाठी आयसीसी नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. ते संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ठरावावर उभं आहे, पण सगळे देश ते मानत नाहीत. कुठे जाणार ते आधी ठरव, मग तिथे काय चालतं ते विचार. पुढे यातून पोटापाण्याचा विचार असेल तर यॉटमास्टरवर व्यावसायिक शिक्का घेता येतो. त्यासाठी वैद्यकीय तपासणी असते आणि रंग ओळखण्याची चाचणीही, कारण रात्री लाल आणि हिरवा दिवा यांतला फरक कळला नाही तर समोरचं जहाज कुठल्या तोंडाने येतंय तेच कळत नाही. फी भरायच्या आधी डोळे तपासून घे.

काही आठवड्यांत शून्यापासून यॉटमास्टर करून देतो, अशा जाहिराती तुला दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तिथून चांगली माणसं निघतच नाहीत असं नाही, पण मैल मोजून घेतलेले असतात आणि खराब हवेत काय करायचं हे अंगात मुरायला लागतो तो वेळ कुठलीच शाळा विकू शकत नाही. डे स्किपर झाल्यावर किमान एक मोसम छोट्या बोटीची कप्तान होऊन काढ. ओळखीच्या पाण्यात, दोन-तीन जवळच्या लोकांना घेऊन. मग पुढचं बघू.

शाळा निवडताना एका प्रशिक्षकामागे किती जण असतात ते विचार. समुद्र कसला हेही विचार. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरती असते, तिथे डे स्किपर केलंस तर प्रमाणपत्रावर तसं नमूद होतं. मी तुझ्या जागी असतो तर आधी भरतीच्या गढूळ पाण्यात नाक बुडवलं असतं, ऊन नंतर खाल्लं असतं.

आणि लॉगबुक आजच सुरू कर. तारीख, बोटीचं नाव आणि लांबी, कुठून कुठे, किती मैल, त्यांतले रात्रीचे तास किती, तू कप्तान होतीस की खलाशी, आणि कप्तानाची सही. मागचे दोन मोसमही भर, मात्र ज्याच्या बोटीवर होतीस त्याच्याकडून सह्या घेऊन आणि आकडे न फुगवता. परीक्षक एखाद्या प्रवासाबद्दल सहज विचारतो, त्या दिवशी वारा कुठून होता गं, आणि खोटं तिथल्या तिथे पकडतो.

पहिली दोन पानं भरलीस की फोटो काढून पाठव. मैलांची बेरीज मी तपासून देईन.

तुझा,
हितचिंतक