वाचकांचे प्रश्न : थंड हवेतली वाइन आणि तिचा आंबटपणा

थंड प्रदेशात छोटी वायनरी चालवणाऱ्या वाचकांच्या बहुतेक पत्रांत या वेळी एकच काळजी आहे, आम्लता. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : रीझलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या रसाचा ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) १९.५, एकूण आम्लता लिटरला ११ ग्रॅम आणि पीएच (जितका कमी, तितका रस आंबट) ३.० आला आहे. टाकी ५०० लिटरची आहे. किण्वनाआधीच आम्ल कमी करून टाकावं का?

घाई करू नका. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकू लागल्यावर, रात्री थंड असल्या की मॅलिक आम्ल कमी जळतं, ते मण्यातच राहतं. उष्ण प्रदेशात टार्टारिक आम्ल विकत आणून रसात घालावं लागतं. तुमच्या बागेने आम्ल फुकट दिलं आहे आणि रीझलिंगचा कणा तोच आहे. शिवाय किण्वनात अल्कोहोल वाढतं तसं पोटॅशियम बायटार्ट्रेट (टार्टारिक आम्लाचा क्षार) कमी विरघळतं आणि खाली बसतं. एवढ्यानेच आम्लता बरेचदा लिटरला १ ते २ ग्रॅमनी उतरते. आज ११ दिसणारा आकडा किण्वनानंतर साडेनऊवर आलेला असू शकतो. आधीच रसायन घातलं असेल, तर शेवटी वाइन मिळमिळीत लागते.

किण्वन संपल्यावर वाइन खरोखरच बोचत असेल, तर पोटॅशियम बायकार्बोनेट वापरा. लिटरला १ ग्रॅम आम्लता उतरवायला साधारण ०.९ ग्रॅम लागतं, म्हणजे ५०० लिटरला ४५० ग्रॅम. ते थेट टाकीत ओतू नका. आधी १०० मिलिलिटरचे चार नमुने घ्या. एक तसाच ठेवा, बाकी तिघांत लिटरला ०.५, १ आणि १.५ ग्रॅम या प्रमाणात बायकार्बोनेट घाला. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून क्षार खाली बसू द्या आणि मगच चाखा. त्याच दिवशी चाखलेला नमुना फसवतो, कारण क्षार अजून बसलेले नसतात. मोठ्या टाकीत घालताना फेस उसळतो, त्यामुळे वर जागा रिकामी ठेवा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बायकार्बोनेट प्रामुख्याने टार्टारिक आम्ल काढतं, मॅलिक नाही. थंड वर्षात जास्तीचं असतं ते बहुधा मॅलिक. म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजून घ्या. टार्टारिक आधीच कमी असताना बायकार्बोनेट घातलं, तर पीएच भराभर चढतो आणि कच्च्या सफरचंदासारखी मॅलिकची धार तशीच राहते.

साखर घालायची गरज आम्हाला दिसत नाही. १९.५ ब्रिक्समधून सुमारे ११ टक्के अल्कोहोल मिळतं आणि या वाणाला ते शोभतं. आम्लाला तोल द्यायचा सगळ्यात सुंदर मार्ग म्हणजे थोडी साखर न आंबवता ठेवणं. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यात ८ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या गोडसर रीझलिंग बनतात, त्या याच तोलावर उभ्या असतात. हवी तेवढी साखर उरली की टाकी ५ अंशांखाली थंड करा, सल्फाइट (जंतू रोखणारं सल्फरचं संयुग) द्या, गाळावरून वाइन काढा आणि बाटलीत भरताना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर टाळला तर यीस्ट बाटलीत पुन्हा जागं होतं आणि बूच वर येतं.

प्रश्न : पिनो न्वार ही रेड वाइन २२५ लिटरच्या बॅरलमध्ये आहे. मॅलोलॅक्टिक किण्वन (जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ते) सुरू होऊन थांबलं. तळघराचं तापमान ११ अंश आहे. सल्फाइट घालून वाइन सुरक्षित करावी का?

सल्फाइट घातलंत तर हे किण्वन बहुधा पुन्हा सुरूच होणार नाही. हे काम करणारा जिवाणू ईनोकॉकस ईनी सल्फाइटला फार नाजूक असतो. सल्फाइटमधून येणारा मुक्त (वाइनमध्ये न बांधला गेलेला) सल्फर डायऑक्साइड लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तो अडखळतो. त्याला १८ ते २२ अंश तापमान आणि ३.२ च्या वरचा पीएच मानवतो. तुमच्याकडे खोट बहुधा तापमानाचीच आहे. बॅरल उबदार खोलीत हलवा, नाहीतर भोवती हीटिंग पट्टा गुंडाळा, पण दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने तापवू नका. आठवड्यातून एकदा तळाचा बारीक गाळ हळूच ढवळा. जिवाणू त्यात बसलेले असतात.

किण्वन संपलं की नाही, ते बुडबुड्यांवरून ठरवू नका. वाइन कोमट झाली की विरघळलेला वायूही बुडबुडे काढतो. पेपर क्रोमॅटोग्राफीत (कागदावर आम्लांचे ठिपके वेगळे करणाऱ्या चाचणीत) मॅलिकचा ठिपका पुसट झाला की प्रयोगशाळेकडून आकडा घ्या. लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी मॅलिक म्हणजे काम झालं. तोवर वाइन जवळजवळ उघडीच आहे असं समजा आणि बॅरल दर आठवड्याला काठोकाठ भरत राहा. वर मोकळी जागा राहिली की ॲसिटिक जिवाणूंना हवा मिळते.

नंतरचं सल्फाइट पीएच बघून ठरवा. पीएच ३.५ असताना रेड वाइनला मुक्त स्वरूपात लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम पुरतं. घातलेल्यातला काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, म्हणून सुरुवातीला ४० मिलिग्रॅम द्या. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये सल्फर डायऑक्साइड ५७.६ टक्के असतं, त्या हिशेबाने एका बॅरलला साडेपंधरा ग्रॅम लागतं. चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजा. तुलनेसाठी, ३.१ पीएचच्या व्हाइट वाइनला अधिक कडक निकष लावूनही लिटरला १६-१७ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडवर भागतं, कारण पीएच कमी असला की थोडं सल्फाइट पुरतं. आम्लता सांभाळण्याचा हाही एक फायदा.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ग्राहक घाबरतात.

ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, अपायकारक नाहीत. टाळायचे असतील तर बाटली भरण्याआधी वाइन उणे ४ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि थंड असतानाच गाळा. १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५ च्या आसपास गोठू लागते, त्यामुळे थर्मोस्टॅट भरवशाचा हवा.

प्रश्न : वेलींचे डोळे (कोंब) फुटल्यावर दहिवर पडलं. तुषार सिंचनाने बाग खरंच वाचते का?

वाचते, पण पाणी अखंड मिळालं तरच. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि सतत गोठत राहणाऱ्या बर्फाखाली कोवळा फुटवा शून्याच्या आसपास राहतो. उणे २ अंशांखाली तो सहज जळून जातो. तासाला ३ मिलिमीटर धरलं तर हेक्टरी ३०,००० लिटर, आठ तासांच्या रात्रीला २,४०,००० लिटर. एवढा साठा नसेल तर सुरूच करू नका. मध्यरात्री पंप बंद पडला की ओल्या पानांवरून बाष्पीभवन होऊन ती कोरड्या पानांपेक्षाही थंड होतात. हवा कोरडी असेल तर याच कारणाने पंप शून्याच्या बराच आधी चालू करावा लागतो. सकाळी बर्फ आपोआप सुटून पडेपर्यंत बंद करू नये.

पाणी नसलेल्यांनी खोलगट भागातल्या वेलींची छाटणी सगळ्यात शेवटी करावी. डोळे उशिरा फुटतात. थंड हवा उतारावरून खाली वाहते, तेव्हा खालच्या बाजूचं दाट कुंपणही मोकळं करा.

प्रश्न : तळघर लहान आहे. किण्वनाच्या वासाने डोकं जड होतं. पंखा पुरेल का?

जड होतंय ते वासाने नाही, कार्बन डायऑक्साइडने, आणि हे हलकं घेऊ नका. लिटरला २०० ग्रॅम साखर असलेल्या १०० लिटर रसातून जवळजवळ ५,००० लिटर वायू निघतो. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. छताजवळचा पंखा तो नुसता ढवळतो. जमिनीपासून हातभर उंचीवर बाहेर फेकणारा पंखा लावा, ताजी हवा समोरच्या बाजूने आत येऊ द्या आणि गुडघ्याच्या उंचीवर वायूचा सेन्सर बसवा. मेणबत्ती जळते म्हणजे हवा ठीक, यावर विसंबू नका. तिची ज्योत विझण्याआधीच माणूस कोसळू शकतो. चोथा काढायला टाकीत उतरण्यापूर्वी आतली हवा मीटरने मोजा आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्याने श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवा.