जन्माच्या दिवशी पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे होते?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा जन्म 12 फेब्रुवारी 1975 रोजी मुंबईत झाला. त्याच्या पन्नाशीच्या घरगुती समारंभात, तो जन्मला त्या दिवशी सर्वाधिक लोकप्रिय असलेले गाणे वाजवावे, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. इंटरनेटवर जन्मतारीख दिली असता ‘जॅन्युअरी’ नावाचे एक इंग्रजी गाणे पुढे येते, जे आमच्या घरात कोणीही कधी ऐकलेले नाही. आपल्याकडचे गाणे कोणते मानावे?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती खरी आहे, फक्त ती ब्रिटनची आहे. पायलट या स्कॉटिश वाद्यवृंदाचे ‘जॅन्युअरी’ हे गाणे 1975च्या फेब्रुवारीत तेथे तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. (जानेवारीचे नाव मिरवणारे गाणे फेब्रुवारीत अग्रस्थानी असावे, ही गंमत वेगळीच.) अशा याद्या मुळात दिवसाच्या नसून आठवड्याच्या असतात, त्यामुळे ‘जन्मदिवसाचे गाणे’ हे खरे पाहता जन्माच्या आठवड्याचे गाणे असते. ब्रिटनमधील पहिली यादी 14 नोव्हेंबर 1952 रोजी एका संगीतविषयक साप्ताहिकाने छापली आणि ती करण्यासाठी साधारण वीस दुकानांना दूरध्वनी करून ध्वनिमुद्रिकांच्या खपाची चौकशी करण्यात आली होती. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ची शंभर गाण्यांची सुप्रसिद्ध यादी त्यानंतर, 4 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झाली.

आपल्याकडील गणनाही त्याच सुमारास सुरू झाली, हा योगायोग मोठा आहे. ब्रिटिश यादीनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच 3 डिसेंबर 1952 रोजी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ प्रसारित होऊ लागली. ती सिलोनवरून का, याचे उत्तर एका मराठी मंत्र्याच्या धोरणात आहे. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे होते. त्यांच्या काळात ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. कार्यक्रम मात्र बनत होता मुंबईतच. अमीन सयानी येथे ध्वनिमुद्रण करीत आणि त्या फिती विमानाने कोलंबोला जात. आरंभी गाण्यांना क्रमांक नव्हते. ते पुढे आले आणि त्यांसाठी ध्वनिमुद्रिकांचा खप व श्रोता संघांचा कौल यांचा आधार घेतला जाऊ लागला. क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत, आणि अनेक आठवडे टिकलेले गाणे बिगुलाच्या निनादात ‘सरताज गीत’ ठरत असे.

आपल्या भावाचा जन्म बुधवारचा आहे, म्हणजे गीतमालेच्याच वाराचा. त्या रात्री आठ वाजता मुंबईतल्या कित्येक घरांत हाच कार्यक्रम लागलेला असणार. तरीही नेमक्या त्या बुधवारच्या पायदानाचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे, कारण साप्ताहिक क्रमांक चार दिवसांच्या खपानेही वरखाली होत, तर वर्षाखेरीची यादी वर्षभराच्या लोकप्रियतेवर ठरत असे. 1975च्या वार्षिक यादीत पहिले आले ते मनोज कुमार यांच्या ‘रोटी कपडा और मकान’मधील ‘महंगाई मार गई’. चित्रपट 1974च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला होता, म्हणजे आपल्या भावाच्या जन्माच्या वेळी हे गाणे ऐन भरात होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या या कव्वालीत लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानी बाबू कव्वाल यांचे आवाज आहेत.

ही निवड केवळ क्रमांकापुरती बरोबर ठरते असे नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली ज्या मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याच मुंबईत रेशनच्या रांगेच्या लांबीवर बोट ठेवणारे गाणे वर्षाचे गाणे ठरले. आपल्या मातोश्रींना त्या दिवसांतील रॉकेल आणि साखर यांच्याविषयी समारंभातच विचारावे. गाण्यापेक्षा त्या आठवणी अधिक वेळ चालतील, अशी मला शंका आहे.

मराठी गाण्यांचे गणित निराळे आहे. गीतमाला हिंदी चित्रपटगीतांपुरती होती, आणि मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये श्रोत्यांच्या पत्रांवरून गाणी लागत असली तरी त्यांना क्रमांक दिले जात नसत. अपवाद फार तर ‘गीत रामायणा’च्या वर्षी जन्मलेल्यांचा म्हणता येईल : 1 एप्रिल 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवे गीत सादर होत असल्याने, त्या मंडळींना आपल्या जन्माच्या आठवड्याचे गीत क्रमाने मोजून काढता येते. त्यात पहिल्या-दुसऱ्याचा प्रश्नच नाही. आपल्या भावासाठी मराठी गाणे हवे असल्यास, त्या काळी घरात ज्या ध्वनिमुद्रिका होत्या किंवा रेडिओवर जी गाणी कान देऊन ऐकली जात, त्यांपैकी एखादे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून निवडावे आणि कार्यक्रमात त्याला क्रमांकाची उपाधी लावू नये.