निळा आणि पिवळा मिसळूनही हिरवा मळकट का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झाडं रंगवायला तुम्ही निळा आणि पिवळा कालवता, पण ताज्या हिरव्याऐवजी शेवाळी, मळकट काहीतरी तयार होतं. उजळ करायला पांढरा घातला की ते खडूसारखं फिकट पडतं. दोष स्वस्त रंगांचा की हाताचा, असं तुम्ही विचारलंय.

हाताचा नाही. रंगांच्या दर्जाचा थोडासा आहे, त्यावर पुढे बोलतो. खरी गडबड आहे ती लहानपणी पाठ केलेल्या ‘निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा’ या वाक्यातल्या ‘अधिक’ शब्दात. पॅलेटवर बेरीज कधीच होत नाही, होते ती वजाबाकी. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी हिरवा जमत नाही म्हणून बारा नळ्यांची पेटी टाकून चोवीस नळ्यांची आणली होती, आणि चिखल दुप्पट प्रकारांनी करू लागलो होतो.

पांढऱ्या उजेडात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या सगळ्या लहरी एकत्र असतात. न्यूटनने १६६०च्या दशकात लोलकातून हा उजेड उलगडून दाखवला, ते चित्र तुम्ही पाहिलेलं असेलच. रंगद्रव्याचा कण यातल्या काही लहरी गिळतो आणि उरलेल्या परत फेकतो. पिवळा रंग निळ्या-जांभळ्या लहरी गिळतो. हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, तांबड्या तो सोडून देतो, आणि त्या सगळ्या मिळून आपल्या डोळ्याला पिवळं दिसतं. निळा रंग तांबडं, नारिंगी, पिवळं गिळतो आणि निळ्याबरोबर थोडा हिरवाही परत पाठवतो. दोन्ही कालवले की दोघांच्या तावडीतून जे सुटतं तेवढंच कागदावरून परत येतं. हिरवा हा असा उरलेला रंग आहे. तो दोघांनी मिळून तयार केलेला नसतो, दोघांनी चुकून सोडलेला असतो.

आता तुमच्या नळ्या बघा. नवशिक्यांच्या बहुतेक पेट्यांत निळा म्हणून अल्ट्रामरीन असतो आणि पिवळा म्हणून केशरीकडे झुकणारा, म्हणजे मध्यम किंवा गडद कॅडमियम यलो किंवा त्याची नक्कल. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला निळा. हिरव्या लहरींच्या बाबतीत तो महाकंजूस आहे, जवळजवळ सगळ्या गिळून टाकतो. केशरी पिवळा निळसर हिरव्या लहरींपर्यंत गिळत येतो. म्हणजे हिरव्याच्या पट्ट्यात दोघंही हात मारतात. सुटतो तो जेमतेम हिरवा आणि सोबत थोडा तांबूसपणा. शेवाळी रंग आला याचा अर्थ रंगांनी त्यांचं काम चोख केलं.

ताजा हिरवा हवा असेल तर असे दोन रंग घ्यावे लागतील ज्यांना हिरव्याचा मोह नाही. पिवळ्यात लेमन यलो, आणि निळ्यात थॅलो ब्लू, त्यातही हिरवट छटेचा. हे दोघं कालवलेत तर पहिल्या वेळी दचकाल, इतका भडक हिरवा येतो. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: थॅलो भयंकर जोरकस आहे. पिवळ्याचा ढीग घ्या आणि त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच निळा घाला. उलट केलंत, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलात, तर अर्धी नळी संपेल तरी निळसरच राहील.

दुकानात रंगाचं नाव वाचू नका, नळीच्या मागचा कोड वाचा. नाव प्रत्येक कंपनी मनाला येईल ते ठेवते. कोड मात्र रंगद्रव्याचा असतो आणि तो जगभर एकच. पीबी (PB) म्हणजे निळं रंगद्रव्य, पीवाय (PY) म्हणजे पिवळं. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५, लेमनसारखा थंड पिवळा बऱ्याचदा पीवाय ३, कॅडमियम यलो पीवाय ३५. ‘सॅप ग्रीन’ नावाच्या नळीमागे दोन-तीन कोड दिसले तर समजा, वजाबाकी कंपनीनेच करून दिलीय. त्यात तुम्ही अजून दोन रंग घालता तेव्हा एकाच ताटावर पाच जण जेवायला बसलेले असतात, उरणार काय?

स्वस्त रंगांचा दोष तो हाच. रंगद्रव्य कमी आणि भर जास्त, शिवाय महाग द्रव्याच्या जागी स्वस्त द्रव्यांचं मिश्रण, ज्याच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असतं. ‘ह्यू’ वाईटच असतो असं नाही, पण मिसळताना तो मूळ रंगासारखा वागेल याची खात्री धरू नका. माझं स्पष्ट मत: चोवीस साध्या नळ्यांपेक्षा एकेरी कोडच्या सहा चांगल्या नळ्या घ्या.

जाता जाता, जांभळ्याचंही असंच आहे. शेंदरी लाल आणि निळा कालवून तपकिरी येत असेल तर लालच्या जागी मॅजेंटा, म्हणजे क्विनॅक्रिडोन घराण्यातला गुलाबी-लाल घ्या. छपाईत लाल-पिवळा-निळा न वापरता सायन (हिरवट निळा), मॅजेंटा, पिवळा का वापरतात, तेही यातूनच कळतं. हे तिघं साधारण एकेक तृतीयांश उजेड गिळतात, म्हणून दोन मिसळले तरी तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. छापखान्यातल्या सायन शाईत बहुतेक वेळा असतो तोच आपला थॅलो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र खरंच बेरीज असते, तिथे तांबडा आणि हिरवा उजेड मिळून पिवळं दिसतं. पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहा, तो भिंगासारखा काम करेल आणि सुटे ठिपके दिसतील. त्यामुळे पडद्यावरचे मिश्रणाचे नियम पॅलेटवर आणू नका.

आता पांढरा. टायटॅनियम व्हाइट जवळजवळ काहीच गिळत नाही, पण आलेला उजेड सगळीकडे उधळून लावतो. हिरव्यात तो घातला की उजेड थरात खोल शिरून, गाळून, गडद होऊन परत येण्याआधीच वरच्या वर माघारी फिरतो. रंग उजळतो, पण त्याचा कस जातो, आणि वर तो थोडा थंड, निळसरही होतो. तुमच्या ‘खडूसारखं’ या शब्दाबद्दल एक गंमत सांगतो. खरा खडू जवसाच्या तेलात कालवला तर तो पांढरा राहतच नाही, मातकट आणि अर्धपारदर्शक होतो. कण किती उजेड उधळणार हे कणाचा अपवर्तनांक (उजेड पदार्थात शिरताना किती वाकतो ते सांगणारा आकडा) आणि भोवतालच्या माध्यमाचा अपवर्तनांक यांच्यातल्या फरकावर ठरतं. हवेचा १, जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८, खडूचा १.६च्या आसपास. हवेत खडू पांढराशुभ्र, तेलात जवळपास हरवलेला. टायटॅनियम व्हाइटचा अपवर्तनांक २.५ ते २.७, म्हणून तो तेलातही हार मानत नाही. ओलं कापड गडद दिसतं ते याच कारणाने: धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उधळण कमी होते. जलरंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो, त्यातही मोठा वाटा याचाच. ॲक्रिलिकचं उलट. त्याचं माध्यम ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की काचेसारखं होतं, म्हणून रंग गडद होतो. ओल्या रंगावरून निकाल देऊ नका.

मग हिरवा उजळायचा कसा? जलरंगात पांढऱ्याला हातच लावू नका. पाणी वाढवा, कागदाचा पांढरा आतून काम करेल. तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये आधी लेमन यलोने उजळा, आणि अगदी गरज पडली तर शेवटी कणभर पांढरा.

पण खरं सांगू? तुमचा तो शेवाळी हिरवा फेकू नका. झाडाकडे नीट बघा. हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड गिळतं, आणि हिरवाही फार उदारपणे परत देत नाही, म्हणून सावलीतली पानं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच काळपट असतात. वरच्या गुळगुळीत पानांवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं, तिथे पान राखाडी-निळसर दिसतं. ताजा, पिवळा-हिरवा झगमगाट असतो तो पानामागे सूर्य असतो तेव्हाच, उजेड पानातून गाळून येतो तिथे. म्हणजे एका झाडात तीन वेगवेगळे हिरवे, आणि त्यातला भडक सगळ्यात कमी जागेत. नवशिक्याचं झाड प्लॅस्टिकचं दिसतं ते बहुतेक वेळा हा तिसरा हिरवा सगळीकडे फासल्यामुळे. मी सावल्यांसाठी अजूनही अल्ट्रामरीन आणि केशरी पिवळाच घेतो, वर चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. काळ्यात पिवळा घालूनही सुंदर शेवाळी मिळतो. विश्वास बसत नसेल तर आता करून पाहा.

शिवाय हिरवा ताजा दिसतो की मळका, हे त्याच्या शेजाऱ्यांवरही असतं. शेव्ह्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काही काळे धागे फिके, कसहीन दिसतात. त्याने रंग तपासले, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. रंगांच्या या शेजारधर्मावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ छापला. तुम्हाला उपयोगाचं एवढंच: हिरव्या झाडाशेजारी मळकट गुलाबी किंवा तांबूस करडा रंग ठेवा, तोच शेवाळी हिरवा जिवंत होतो. आणि पांढऱ्या पॅलेटवर रंग पारखू नका, पांढऱ्यावर सगळंच गडद आणि मळकं वाटतं. मी पॅलेटखाली करडा कागद ठेवतो.

एक अगदी बाळबोध कारण राहिलं, हसू नका: पाण्याचं भांडं. ब्रशमध्ये किंवा पाण्यात तांबड्याचा अंश राहिला की तो हिरव्यातला उरलासुरला हिरवाही गिळतो. दोन भांडी ठेवा, एक धुवायला, एक रंगात घालायला. माझ्या निम्म्या चिखलाचं मूळ तिथे होतं, आणि मी पुस्तकं चाळत बसलो होतो. आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली रंग कालवत असाल तर पिवळा किती पडलाय ते दिसतच नाही, हात सैल सुटतो. सकाळी चित्र बघून जो धक्का बसतो तो त्याचाच.

सुरुवात अशी करा. कागदावर चार चौकोन आखा. दोन निळे (अल्ट्रामरीन, थॅलो), दोन पिवळे (लेमन, केशरीकडचा), प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावा. चौकोनाखाली कोड लिहा. वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघा. थॅलो-लेमन सगळ्यात भडक, अल्ट्रामरीन-केशरी सगळ्यात मळका, मधले दोन रोजच्या कामाचे.

तो कागद मधोमध कापून अर्धा पुस्तकात आणि अर्धा खिडकीच्या उन्हात ठेवलात तर अजून एक गोष्ट कळेल. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत कित्येक ठिकाणी झाडांची पानं चक्क निळी दिसतात. चित्रकाराने हिरवीच रंगवली होती, पण मिश्रणातला वनस्पतींपासून काढलेला पिवळा उजेडाने उडून गेला आणि निळा मागे उरला. तुमच्या पिवळ्या नळीची हीच गत होणार असेल, तर ते चित्र विकण्याआधी कळलेलं बरं. चार-सहा महिन्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघा.