होस्ट फॅमिली फुकट ठेवते, मग पाच लाख कशाचे?

प्रश्न : आम्ही इंदिरानगर, नाशिकला राहतो. मुलगी नववीत आहे. दहावीनंतर एक वर्ष अमेरिकेत होस्ट फॅमिलीकडे राहून शिकायचं तिने मनावर घेतलंय. रोटरी क्लबमार्फत गेल्यास अंदाजे पावणेपाच लाख लागतील असं कळलं. कॉलेज रोडवरचा एक एजंट 24 लाख सांगतो आणि म्हणतो, 'तेच आहे, फक्त निवडीची कटकट नाही.' पन्नास हजार टोकन मागतोय. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी शिकवण्या घेते. मिळून महिना 1 लाख 15 हजार येतात. गृहकर्जाच्या हप्त्यासह 75 हजार खर्च, 15 हजार एसआयपी. एफडी 9 लाख, म्युच्युअल फंड 7 लाख, सुकन्या साडेसहा लाख. सासऱ्यांची निफाडला द्राक्षबाग आहे. काय करावं?

उत्तर : ताई, टोकन भरू नका. आधी एजंटला एकच गोष्ट लेखी विचारा: व्हिसा जे-1 का एफ-1?

'तेच आहे' हे खरं नाही. जे-1 हा एक्सचेंजचा, म्हणजे रोटरीसारख्या विद्यार्थी देवाणघेवाणीचा व्हिसा. त्यात होस्ट फॅमिलीला मुलं ठेवण्याचे पैसे देताच येत नाहीत, तसा तिथला नियमच आहे. त्यामुळे ज्यांना मनापासून हौस आहे तेच दार उघडतात. कुणाचं स्वतःचं मूल असंच बाहेर राहून आलेलं असतं, कुणाची मुलं मोठी होऊन घर मोकळं झालेलं असतं. एफ-1 हा फी भरून शिकणाऱ्यांचा नेहमीचा विद्यार्थी व्हिसा. त्यावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने शिकता येतं आणि त्या शाळेचा पूर्ण खर्च भरावा लागतो. नाहीतर खासगी शाळा. तिथे सहसा घरालाही दरमहा पैसे जातात, म्हणजे ते पेइंग गेस्टच झालं. 24 लाख त्यातून उभे राहिले असणार. शिवाय तुमची एफडी आणि फंड दोन्ही मोडूनही 16 लाखच होतात, उरलेल्या आठांसाठी सोनं गहाण ठेवावं लागेल. मुलीच्या कॉलेजचे पैसे तिच्याच अकरावीआधी संपवणं मला पटत नाही. एजंटचा विषय इथे संपवू.

आता पावणेपाच लाख. घर आणि शाळा फुकट असेल, तर हे पैसे विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि कार्यक्रमाची फी यांचे. आकडा रास्त वाटतो, पण पुरा नाही. जेवण घरचं मिळेल, पण मैत्रिणींबरोबर बाहेर खाणं, शाळेची सहल, बर्फातला कोट, फोन, केस कापणं हे तिचं तिनेच बघायचं. महिन्याला अडीचशे डॉलर धरा. दहा महिन्यांचे सव्वादोन लाखांच्या घरात जातात. रोटरीचा तिथला क्लब थोडा हातखर्च देतो, तो हिशेबात धरू नका, मिळाला तर बरंच. रोटरीत वर्षभरात बहुधा दोन-तीन घरं बदलतात. एक घर सुट्टीत भटकणारं निघेल, दुसरं रविवारभर टीव्हीसमोर बसणारं. म्हणून दर महिन्याचा खर्च सारखा येणार नाही. 'तिथे पार्टटाइम करून काढेल' असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. जे-1 वरच्या शाळकरी मुलांना नोकरी करता येत नाही. कुणाचं बाळ सांभाळणं, अंगणातलं गवत कापणं असली किरकोळ कामं तेवढी चालतात.

विम्याची किमान मर्यादा नियमानेच दर आजाराला एक लाख डॉलर आहे, पण सुरुवातीचे पाचशे डॉलरपर्यंत पदरचे जाऊ शकतात. दाताचं आणि चष्म्याचं काम इथूनच उरकून पाठवा.

आणि एक लाख रुपये न वापरण्यासाठी बाजूला ठेवा. रोटरीत दारू, ड्रग्ज, ड्रायव्हिंग आणि डेटिंग चारही बंद. नियम मोडला तर मूल मध्येच परत येतं, तेही आईबापाच्या खर्चाने. तुमची मुलगी गुणी असेलच. पण सोळाव्या वर्षी घरच्या आठवणीने रडकुंडीला येऊन परतणाऱ्या मुलांनाही तिकीट लागतंच.

म्हणजे एकूण आठ लाख. तुमच्याकडे आहेत का? 9 लाखांच्या एफडीतून सहा महिन्यांचा घरखर्च, साडेचार लाख, वेगळा काढा. त्याला अजिबात हात लावायचा नाही, कारण मिस्टरांच्या पगारावर घराचा हप्ता उभा आहे. उरले साडेचार. दरमहा एसआयपी जाऊन 25 हजार शिल्लक पडतात. निघायला अजून निदान चौदा महिने आहेत, त्यात साडेतीन लाख जमतील. जेमतेम, पण बसतंय. या चौदा महिन्यांत नवी गाडी नाही आणि हॉलचं फर्निचरही नाही. द्राक्षबाग मी धरली नाही. मार्चमध्ये एक गारपीट झाली की तिचा हिशेब काय होतो, हे निफाडकरांना मी सांगायला नको.

सुकन्यातून दहावीनंतर निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, पण प्रवेशाच्या वेळच्या फीपुरतीच. तो पैसा पदवीसाठीच राहू द्या. कर्जही नको. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत बारावीनंतरच्या शिक्षणाला आहे, या वर्षाला मिळणार नाही. परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक आधीच घेते तो कर, म्हणजे टीसीएस, आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत लागत नाही, तेव्हा ती काळजी तुम्हाला नाही.

वर्ष वाया जाईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. तिथल्या गुणांवर अकरावी झाली असं धरू नका. जूनमध्ये परत येऊन तिने इथेच अकरावीला बसावं. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून राहिल्या की सीईटीच्या प्रवेशात राज्याच्या जागांवरचा तिचा हक्क शाबूत राहतो. नोकरीला एक वर्ष उशिरा लागेल, ही खरी किंमत आहे. ती आठ लाखांच्या वर धरा आणि मगच हो म्हणा. या वर्षातून पगार वाढेल म्हणून पाठवत असाल, तर मी नाही म्हणेन. मुलगी एकटीने परक्या घरात रुळायला शिकावी यासाठी पाठवत असाल, तर पाठवा. क्लबच्या निवडीत नाव आलं नाही, तर रोटरीचेच काही आठवड्यांचे छोटे एक्सचेंज असतात, ते बघा. एजंटकडे परत जाऊ नका.

राहिलं एक. रोटरीचा मामला देवाणघेवाणीचा असतो. क्लब तुमच्याकडेही काही महिने परदेशी मूल ठेवायला सांगेल. वाणसामान, दूध, पेट्रोल, एखादी वेरूळची सहल मिळून महिना आठ-दहा हजार वाढतील, ते त्या वेळच्या शिलकीतून जातील. मात्र ते मूल 2027 च्या सिंहस्थात येणार असेल, तर त्याची खोली आत्ताच पक्की करून ठेवा. पर्वणीला तुमच्याकडे किती नातेवाईक उतरतील ते तुम्हालाच माहीत.