बूबी किनाऱ्यावर आली असेल तर चोच बांधू देऊ नका

गुहागरच्या वाळूवर बसलेल्या तपकिरी पक्ष्याचा तुमचा फोटो बघून पोटात गोळा आला. जुलैच्या वाऱ्यात आमच्याकडेही अशीच एक आली होती.

बूबी म्हणजे मोठे समुद्रपक्षी. तुम्ही हिला ब्राऊन बूबी म्हणताय, मला ही कोवळी मास्क्ड बूबी वाटते. मानेमागे पांढरा पट्टा आहे, तो ब्राऊन बूबीला नसतो. शिवाय ब्राऊन बूबीचा तपकिरी रंग छातीपर्यंत उतरून एका रेषेत थांबतो. तुमच्या पक्ष्याचा गळ्याशीच संपलाय. पंखाखालचा फोटो मिळाला तर खात्रीने सांगता येईल. ही ठरल्या वाटेने येणारी पाहुणी नव्हे. ओमानजवळच्या हल्लानियात बेटांसारख्या ठिकाणी या घरटी करतात, एरवी भर समुद्रात भटकतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांना कोकणात आणून टाकतो.

आता महत्त्वाचं. बूबीच्या चोचीवर उघड्या नाकपुड्या नसतात. ती जबड्याच्या कोपऱ्यातून श्वास घेते. आमच्याकडे एका कार्यालयाचा माणूस (नाव घेत नाही) आधी फोनवर "सीगल आहे, पाण्यात ढकला" म्हणाला. खूप विनवल्यावर आला आणि चोच मुळापर्यंत चिकटपट्टीने करकचून बांधली. "चावतो ना!" नाकपुड्यांचं सांगितलं तर "आम्हाला शिकवू नका." दवाखान्यात पोचेपर्यंत पक्षी गेला. ते आठवलं की आजही संताप होतो. पक्षी वाचवायला येणाऱ्याला एवढं माहीत नसावं?

मी पशुवैद्य नाही, पण माझं ठाम मत: समुद्रात परत ढकलू नका. ती थकली म्हणूनच बाहेर आली आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, ती थेट डोळ्यांवर चोच मारते. अंगावर टॉवेल टाकून मोठ्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. घशात पाणी ओतू नका, मासेही कोंबू नका; उपाशी पक्ष्याला आधी काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. वनविभागाला कळवा आणि येणाऱ्याला चोचीचं आधीच बजावा. राग आला तर येऊ दे.

जाता जाता, कुत्री लांब ठेवा आणि सेल्फीवाल्यांना हटवा. पायात कडी (अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली) असेल तर तिच्यावरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो घ्या. पक्षी कुठून आला ते त्यावरून कळू शकतं. कडी मात्र काढू नका.