डेटाबेसवरचे लेख मासिकात छापून येण्यासाठी काय लिहावं?

प्रश्न: मी बेळगावात राहतो. शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजी बेताचं, मोठ्या कंपनीचा अनुभव नाही. डेटाबेसवर लेख लिहिले तर तांत्रिक मासिकं घेतील का?

घेतात. मी बेळगावातल्याच उद्यमबागेत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डेटाबेस सांभाळतो (प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच काढतो), तरी माझे चार लेख इंग्रजी मासिकांत आलेत. पहिला मात्र साभार परत आला होता.

तो नॉर्मलायझेशनवर होता, म्हणजे एकच माहिती दोनदा साठू नये म्हणून टेबलं कशी तोडायची यावर. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं, इथून सुरुवात. मग नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या: पहिला नॉर्मल फॉर्म, दुसरा, तिसरा, आणि विद्यार्थी-विषयाचं तेच ते टेबल. संपादकांनी दोन ओळीत कळवलं, हे पुस्तकात आहे, तुमच्याकडे काय बिघडलं होतं ते लिहा. राग आला. कॉलेजात याच उत्तराला पैकीच्या पैकी मार्क पडले होते की!

बिघडलेलं तर होतंच. फाउंड्रीत वितळलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याला हीट नंबर पडतो. कार्बन किती, सिलिकॉन किती, हे त्या नंबरावर नोंदतात आणि त्यावरून गिऱ्हाइकाला टेस्ट सर्टिफिकेट जातं. एक दिवस क्वालिटीतला मुलगा येऊन म्हणाला, "सर, सर्टिफिकेट निघायच्या आत चहा पिऊन होतोय. आणि निघालं तर दोन निघालेत बघा." त्यानं ०४१७ चं मागितलं होतं, सोबत ०४१७ए चंही आलं होतं. लोखंडाच्या धंद्यात चुकीचं सर्टिफिकेट म्हणजे माल परत.

हीट नंबरचा कॉलम मजकुराचा (डेटाबेसच्या भाषेत व्हारचार), कारण नंबर शून्यानं सुरू होतात आणि शेवटी कधी ए, कधी बी. प्रोग्राममध्ये मात्र कुणीतरी (म्हणजे मीच) क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) व्हेअरमध्ये, म्हणजे कुठल्या ओळी हव्यात ते सांगतात तिथं, अवतरणचिन्हांशिवाय नुसतं ४१७ लिहून ठेवलेलं. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, तो अशा वेळी कुरकुर करत नाही. मजकुराचा आकडा करतो आणि जुळवतो. '०४१७ए' चा आकडा करताना शेवटचं अक्षर गळतं, उरतं ४१७. झालं, जुळलं. इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) होता, पण तो मजकुराच्या क्रमानं लावलेला. '४१७', '०४१७', '००४१७बी' हे सगळे ४१७ च होतात आणि त्या क्रमात लांब लांब पडतात. मग इंडेक्स बाजूला ठेवून मायएसक्यूएल अख्खं टेबल वाचत बसतो. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर टाइपच्या रकान्यात 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल, आणि कीच्या रकान्यात 'नल', म्हणजे इंडेक्स नाही. '०४१७' असं अवतरणात लिहिलं, ऑल जाऊन 'रेफ' (इंडेक्सवरून शोध) आलं, सर्टिफिकेट एकच निघालं, तेही लगेच.

हाच माझा छापून आलेला पहिला लेख. पण एवढ्यावर तो उभा राहिला नसता. तीच अवतरणाशिवायची क्वेरी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालवून बघितली, तर मजकूर आणि आकडा जुळवायला तो सरळ नकार देतो, एरर टाकतो. हा परिच्छेद संपादकांना सगळ्यात आवडला. शिवाय मोजलेल्या वेळेच्या प्रत्येक आकड्यापाशी डेटाबेसची आवृत्ती कुठली, मशीनला मेमरी किती, आणि क्वेरी पहिल्यांदा चालवली की दुसऱ्यांदा, हे लिहिलं. दुसऱ्या खेपेला डेटा मेमरीत आलेला असतो, त्यामुळे वेळ फसवी निघते. हे नसेल तर जाणकार माणूस तिथंच पान उलटतो.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. मी आधी सगळं मराठीत बायकोला सांगतो. ती शाळेत गणित शिकवते, डेटाबेसशी संबंध नाही. ती जिथं "मग असं का?" म्हणते, तिथं माझं काहीतरी सुटलेलं असतं. मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी. व्याकरण संपादक सुधारतात, चुकलेलं मोजमाप त्यांना सुधारता येत नाही.

आणि आपल्याकडं विषय कमी आहेत होय? १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. तुमच्या ऑफिसातली गिऱ्हाइकांची यादी उघडून बघा: बेलगाम, बेळगाव, बेळगावी, एकच पार्टी तीनदा. 'बेळगाव' हा शब्द बघायला चार अक्षरी, युनिकोडमध्ये (संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं नोंदायची पद्धत) काना-मात्रा वेगळे धरून सहा चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती साठवायच्या रीतीत, अठरा बाइट. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या कॉलमची (व्हारचार-२) लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे १५ चा रकाना आपलं गावच आत घेत नाही. 'कुऱ्हाडे' आडनावातला ऱ्ह तर दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखा, बाइटला वेगळा. मराठी आणि कन्नड नावं रोज हाताळणाऱ्यानं यावर लिहायचं नाही तर कुणी?

पाठवताना अख्खा लेख पाठवू नका. काय बिघडलं, का, तुम्ही काय मोजलं, एवढं पाच-सहा ओळीत कळवा. सुरुवातीला 'ओपन सोर्स फॉर यू' सारखं आपल्या देशातलं मासिक बरं.

एका गोष्टीला जपा. दोन डेटाबेसच्या वेगाची तुलना छापणार असाल तर आधी परवाना वाचा. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी वेगाच्या चाचण्या छापल्या, ओरॅकलचे आकडे त्यात वाईट दिसले. त्यानंतर परवानगीशिवाय असे निकाल छापायचे नाहीत हे कलम ओरॅकलच्या परवान्यात आलं. त्याला आजही डेविट कलमच म्हणतात. मायएसक्यूएलची मोफत आवृत्ती आणि पोस्टग्रेस यांना ही अडचण नाही.

आणि मालकांना विचारल्याशिवाय काही पाठवू नका. आमच्या मालकांनी एकच अट घातली, गिऱ्हाइकाचं नाव नको. मी नंबरही बदलून टाकले. वरचा ०४१७ सुद्धा खरा नाही.